‘मॉड्यूल सापडलं नाही’ म्हणजे ते नाहीच असं नाही : लिनक्सवर पायथन सामान कुठे शोधतो?



काल रात्री बिलाचा प्रोग्राम चालत होता. आज सकाळी शटर वर केलं, संगणक सुरू केला, आयकॉनवर क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. टर्मिनलमधून चालवून पाहिलं, तर शेवटच्या ओळीत आलं : ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर : नो मॉड्यूल नेम्ड ओपनपायएक्सएल’. तुम्ही म्हणता, अरे, हे तर मी मागच्या महिन्यातच इन्स्टॉल केलंय! पुन्हा इन्स्टॉल करायला जाता. पिप म्हणतो, आधीच आहे. प्रोग्राम म्हणतो, नाही. मग खोटं कोण बोलतंय?

खोटं कोणीच बोलत नाही. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बघतायत. ही एक गोष्ट डोक्यात बसली की या विषयातलं ऐंशी टक्के कोडं सुटतं. उरलेलं आज आपण एकेक करून सोडवू.

आधी एक सूचना. खऱ्या कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या असतात, त्या व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या करून दाखवल्या आहेत. इथे त्या वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. टिंब, आडवी रेघ, तिरकी रेघ ही चिन्हं मात्र जशीच्या तशी आहेत. व्हिडिओ शेजारी उघडा ठेवून वाचा.

हा विषय दुकानदाराचा कसा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आपल्याकडच्या कितीतरी काउंटरवरचे संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, पण चालायला धडधाकट आहेत. अशा मशीनवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून काम चालू ठेवणारे बरेच आहेत. त्यावर पायथनमध्ये लिहिलेले छोटे प्रोग्राम असतात : स्टॉकची एक्सेल शीट बनवणारा, बिलावर यूपीआयचा क्यूआर छापणारा, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरचा आकडा थेट बिलात घेणारा. कोणी भाच्याकडून लिहून घेतो, कोणी आमच्यासारखं व्हिडिओ बघून स्वतः जुळवतो.

आता इगतपुरीचा पावसाळा डोळ्यांसमोर आणा. शनिवार-रविवारी मुंबईकडून आणि नाशिककडून धबधबे बघायला गर्दी येते. भावलीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. वर्षाच्या धंद्यातला मोठा वाटा याच काही आठवड्यांत होतो. त्यातल्याच एका शनिवारी बिलाचा प्रोग्राम बंद पडला, तर वही-पेन काढावं लागतं, स्टॉक अंदाजे धरावा लागतो आणि रात्री गल्ला जुळत नाही. दुरुस्तीला माणूस नाशिकहून यायचा, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर आणि त्याची फी वेगळी. अनेकदा तो येऊन जे करतो, ते दहा मिनिटांत तुम्हालाही करता येण्यासारखं असतं.

मी स्वतः बीबीए केलेली दुकानदार आहे, इंजिनिअर नाही. म्हणून हे सगळं दुकानाच्याच भाषेत सांगते.

दुकानातला मुलगा आणि जिऱ्याचा डबा

तुमच्या दुकानात कामाला एक मुलगा आहे असं समजा. तुम्ही हाक मारता, ‘जिरे आण.’ तो आधी काउंटरखाली बघतो. तिथे नसेल तर मागच्या रॅकवर, मग माळ्यावर, मग गोदामात. ही त्याची ठरलेली वाट आहे. ज्या पहिल्या डब्यावर ‘जिरे’ असं लिहिलेलं दिसेल, तो डबा उचलून आणतो. आत जिरेच आहेत की कोणी ओवा भरून ठेवलाय, हे तो बघत नाही. आणि ठरलेल्या चार जागांत डबा मिळाला नाही, तर सरळ सांगतो, ‘नाहीये.’ शेजारच्या गाळ्यात तुमचीच दोन पोती पडलेली असली तरी तिकडे तो जात नाही, कारण ती जागा त्याच्या यादीत नाही.

पायथन अगदी असाच वागतो. तुम्ही प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट ओपनपायएक्सएल’ लिहिलं, की तो त्याच्याकडच्या फोल्डरांच्या यादीतून क्रमाने जातो. या यादीचं नाव ‘सिस.पाथ’. लिनक्सवर तिचा क्रम साधारण असा असतो :

१. जी फाइल तुम्ही चालवली ती ज्या फोल्डरमध्ये आहे, तो फोल्डर.
२. ‘पायथनपाथ’ नावाच्या सेटिंगमध्ये कोणी फोल्डर लिहून ठेवले असतील तर ते. बहुतेक संगणकांवर हे रिकामं असतं.
३. पायथनसोबत आलेलं स्वतःचं सामान. उदाहरणार्थ /यूएसआर/लिब/पायथन३.१२.
४. बाहेरून आणलेलं सामान. यातही तीन कप्पे : तुमच्या होम फोल्डरमधला लपलेला ‘.लोकल’, मग /यूएसआर/लोकल खालचा फोल्डर, आणि शेवटी /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस, जिथे ‘एपीटी’ने घातलेली पॅकेजेस बसतात.

या यादीतून दोन नियम निघतात. पहिला : यादीत नसलेल्या जागेचं सामान पायथनसाठी अस्तित्वातच नाही. दुसरा : पहिला सापडेल तो घेतला, पुढे बघणं बंद. आपण ज्या एरर बघणार आहोत, त्या बहुतेक सगळ्या या दोनपैकी एका नियमामुळे येतात.

आणि एक तिसरी गोष्ट. तुमच्या संगणकावर पायथन एकच असेल असं नाही. सिस्टीमचा एक, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा दुसरा, कोणी कधी वेगळा उतरवून घेतला असेल तर तिसरा. म्हणजे दुकानात तीन मुलं आणि तिघांच्या याद्या वेगळ्या. एकाला विचारून दुसऱ्याला दोष द्यायचा नाही!

एरर नीट वाचा, तिथेच अर्धं उत्तर असतं

इंग्रजी लाल अक्षरं दिसली की घाबरून खिडकी बंद करू नका. फक्त शेवटची ओळ वाचा. तीन प्रकार ओळखायला शिका.

‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ : यादीतल्या एकाही फोल्डरमध्ये डबा मिळाला नाही.

‘इम्पोर्टएरर : कॅनॉट इम्पोर्ट नेम’ : डबा मिळाला, पण तुम्ही मागितलेली वस्तू त्यात नाही. एकतर डबा चुकीचा, नाहीतर जुन्या किंवा नव्या व्हर्जनचा.

‘ॲट्रिब्यूटएरर : मॉड्यूल हॅज नो ॲट्रिब्यूट’ : हाही बहुतेक वेळा चुकीच्या डब्याचाच प्रकार. नाव जुळलं, माल वेगळा निघाला.

पहिल्या प्रकारात शोध ‘सामान कुठे ठेवलंय’ याचा घ्यायचा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात ‘कोणता डबा उचलून आणला’ याचा. दिशा वेगळी आहे, म्हणून आधी ओळ वाचायची.

तीन प्रश्न, याच क्रमाने

काहीही इन्स्टॉल किंवा अनइन्स्टॉल करायच्या आधी हे तीन प्रश्न विचारा.

प्रश्न पहिला : कोणता पायथन चालतोय?

पायथन३ -सी "इम्पोर्ट सिस; प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)"

उत्तरात पूर्ण पत्ता येतो. /यूएसआर/बिन/पायथन३ आलं तर सिस्टीमचा. तुमच्या होम फोल्डरमधला पत्ता आला तर बहुधा व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा.

प्रश्न दुसरा : तो कुठे कुठे बघतो?

पायथन३ -एम साइट

ही कमांड सगळी यादी क्रमाने छापते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढे तुलना करायला उपयोगी पडतो.

प्रश्न तिसरा : सामान नेमकं कुठे पडलंय?

पायथन३ -एम पिप शो ओपनपायएक्सएल

यात ‘लोकेशन’ नावाची ओळ असते. तो फोल्डर दुसऱ्या प्रश्नाच्या यादीत आहे का बघा. इम्पोर्ट होतंय पण विचित्र वागतंय, असं असेल तर प्रोग्राममध्ये इम्पोर्टच्या खाली एक ओळ घाला : प्रिंट(ओपनपायएक्सएल.__फाइल__). नक्की कोणती फाइल उचलली, तिचा पत्ता समोर येतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. तपासणी त्याच वाटेने करा ज्या वाटेने प्रोग्राम बंद पडतोय. आयकॉनवरून चालवताना बिघडत असेल, तर टर्मिनलमध्ये ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणून उपयोग नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीलाच सिस.एक्झिक्युटेबल आणि सिस.पाथ एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहायला सांगा आणि मग आयकॉन दाबा. फाइल उघडली की दूध का दूध, पानी का पानी.

नेहमी भेटणारे सहा बिघाड

बिघाड १ : पिप एकाचा, पायथन दुसऱ्याचा

तुम्ही नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहिता, तेव्हा तो पिप कोणत्या पायथनचा आहे हे तुम्हाला माहीत नसतं. त्याने माल त्याच्या मालकाच्या गोदामात टाकला, प्रोग्राम दुसराच मुलगा चालवतोय. उपाय सोपा आहे आणि आजपासून सवय लावून घ्या. नेहमी असं लिहा :

पायथन३ -एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल

म्हणजे ज्या पायथनला हाक मारली, त्याच्याच गोदामात माल जातो.

जुने व्हिडिओ बघून शिकत असाल तर अजून एक. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. आजच्या उबुंटूवर नुसतं ‘पायथन’ लिहिलं तर बऱ्याचदा कमांडच सापडत नाही, ‘पायथन३’ लिहावं लागतं. तो बिघाड नाही.

बिघाड २ : तुमच्याच फाइलचं नाव आडवं आलं

क्यूआर छापायचा प्रोग्राम लिहिलात आणि फाइलला नाव दिलंत ‘क्यूआरकोड.पीवाय’. आत पहिली ओळ ‘इम्पोर्ट क्यूआरकोड’. आता क्रम आठवा : यादीत सगळ्यात वर कोण? चालवलेल्या फाइलचा फोल्डर. मग पायथनला पहिला डबा कोणता दिसला? तुमचीच फाइल! ती स्वतःलाच इम्पोर्ट करायला जाते आणि ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’, ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ असले शब्द असलेली एरर येते.

‘कॅलेंडर’, ‘ईमेल’, ‘सीएसव्ही’, ‘रँडम’ ही नावंही अशीच धोक्याची, कारण पायथनच्या स्वतःच्या सामानात ती आधीच आहेत. आणि यात गंमत अशी की ‘ईमेल.पीवाय’ तुम्ही वापरत नसलात, नुसती त्या फोल्डरमध्ये पडून असली, तरी तिथला दुसराच प्रोग्राम बिघडू शकतो. पायथन ३.१३ पासून एररमध्येच ‘फाइलचं नाव बदलून बघा’ असा इशारा येतो, पण जुन्या व्हर्जनवर तो येत नाही.

उपाय : नाव बदला. फाइलच्या नावात आपलं काम लिहा. ‘दुकान_क्यूआर’, ‘रोजचा_स्टॉक’ असलं नाव कोणाच्या आडवं येत नाही. फक्त ते इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता लिहा.

बिघाड ३ : दुकानातलं नाव वेगळं, डब्यावरचं वेगळं

मागवताना एक नाव, इम्पोर्ट करताना दुसरं, असं बऱ्याच पॅकेजेसचं असतं. फोटोसाठी मागवायचं ‘पिलो’, इम्पोर्ट करायचं ‘पीआयएल’. थर्मल प्रिंटरसाठी मागवायचं ‘पायथन-ईएससीपीओएस’, इम्पोर्ट करायचं ‘ईएससीपीओएस’.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वजनकाट्याच्या बाबतीत. काटा सिरीयल पोर्टवर बोलतो. प्रोग्राममध्ये ‘इम्पोर्ट सिरीयल’ असतं, म्हणून माणूस ‘पिप इन्स्टॉल सिरीयल’ करतो. त्या नावाचं पॅकेज मिळतंसुद्धा! पण ते भलत्याच कामाचं आहे. आपल्याला हवं ते ‘पायसिरीयल’. मग ‘मॉड्यूल सिरीयल हॅज नो ॲट्रिब्यूट सिरीयल’ अशी एरर येते आणि आपण काट्याला दोष देत बसतो. उपाय : ‘सिरीयल’ आणि ‘पायसिरीयल’ दोन्ही अनइन्स्टॉल करा, मग फक्त ‘पायसिरीयल’ घाला. दोन्ही एकाच नावाच्या फोल्डरमध्ये फाइली टाकतात, म्हणून दोन्ही काढून नव्याने घालणं चांगलं.

आणि इम्पोर्ट व्यवस्थित झालं, पण काटा उघडताना ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर तो शोधवाटेचा प्रश्न नाही. उबुंटू-मिंटवर तुमचा युजर ‘डायलआउट’ गटात घालावा लागतो आणि एकदा लॉग-आउट करून परत यावं लागतं.

बिघाड ४ : ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’

डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पुढे सिस्टीमच्या पायथनमध्ये पिपने काही घालायला गेलात तर तो नकार देतो. पुष्कळांना वाटतं, लिनक्स उगाच अडवतंय. त्याचं कारण समजून घ्या. उबुंटू आणि मिंटची स्वतःची बरीच हत्यारं, अपडेट दाखवणारी वगैरे, याच सिस्टीम पायथनवर चालतात. तुम्ही तिथे एखाद्या पॅकेजचं वेगळं व्हर्जन आणून टाकलं, तर तुमचं बिल चालेल, पण संगणकाचे अपडेट बंद पडू शकतात. मालकाच्या घरच्या स्वयंपाकघरात जाऊन हॉटेलचा मसाला बदलण्यासारखं आहे ते.

इंटरनेटवर याला एक झटपट उपाय सापडतो : ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’. नावातच लिहिलंय काय होऊ शकतं ते! धंद्याच्या मशीनवर हे वापरू नका. याचा योग्य उपाय खाली दिला आहे.

बिघाड ५ : अपग्रेड केलं आणि सगळं गायब

उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० होता, २४.०४ मध्ये ३.१२ आला. लिनक्स मिंट २१ वरून २२ वर गेलात तरी हाच बदल होतो, कारण मिंट उबुंटूवरच उभं आहे. तुम्ही पिपने घातलेलं सामान ‘पायथन३.१०’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. नवा पायथन ‘पायथन३.१२’ नावाच्या फोल्डरमध्ये बघतो. माल जागेवर आहे, गोदामाचा पत्ता बदलला.

जुन्या फोल्डरमधून नव्यात फाइली कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, काही पॅकेजेस त्या त्या व्हर्जनसाठीच बांधलेली असतात. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही काढून नव्याने बनवा. हीच गोष्ट पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेलेल्या एन्व्हायर्नमेंटची : तिच्या आत जुन्या जागेचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात. ती हलवायची नसते, नव्या जागी नवी बांधायची असते.

सिझनच्या तोंडावर अपग्रेड करू नका, हे वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर मशीनला हात लावायचा नाही. मोठे बदल दिवाळीनंतर, मंदीच्या आठवड्यात.

बिघाड ६ : हाताने चालतं, आपोआप चालत नाही

रात्री अकराला स्टॉकचा रिपोर्ट आपोआप बनावा म्हणून तुम्ही ‘क्रॉन’ला काम लावलं. टर्मिनलमध्ये चालवून बघितलं, उत्तम. क्रॉनमधून मात्र रोज बंद. सगळ्यात त्रासदायक म्हणजे कुठे एररही दिसत नाही. आठ दिवसांनी कळतं की रिपोर्टच नाहीत.

क्रॉन तुमच्या टर्मिनलची सेटिंग वाचत नाही. तुम्ही ‘.बॅशआरसी’मध्ये पायथनपाथ लिहून ठेवला असेल, तर तो क्रॉनला माहीतच नाही. तुमची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही तिथे चालू नसते. ‘सुडो’ लावून चालवलं तरी तसंच : तो रूट युजर, त्याचं होम फोल्डर वेगळं, तुमच्या ‘.लोकल’मधलं सामान त्याला दिसत नाही. डेस्कटॉपवरच्या आयकॉनचंही हेच दुखणं.

यावर उपाय एकच : पायथनचा पूर्ण पत्ता लिहायचा. तो कसा, ते आता बघू.

एकदाच नीट मांडणी करा

प्रत्येक कामाला स्वतःचं गोदाम द्यायचं. याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. पायथन ३.३ पासून ‘व्हेन्व’ या नावाने ती सोय पायथनमध्येच आहे, वेगळे पैसे नाहीत.

पायरी १. उबुंटू, मिंट किंवा डेबियनवर व्हेन्वचा भाग आधी घालावा लागू शकतो :
सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व

पायरी २. दुकानाच्या फोल्डरमध्ये एन्व्हायर्नमेंट बनवा :
पायथन३ -एम व्हेन्व ~/दुकान/व्हेन्व

पायरी ३. तिच्याच पायथनने सामान घाला :
~/दुकान/व्हेन्व/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल क्यूआरकोड पायसिरीयल

पायरी ४. प्रोग्राम त्याच पायथनने चालवा :
~/दुकान/व्हेन्व/बिन/पायथन ~/दुकान/बिल.पीवाय

व्हिडिओंमध्ये तुम्ही ‘ॲक्टिव्हेट’ करताना पाहिलं असेल. ते काय असतं, हे इगतपुरीकरांना एका वाक्यात कळेल. कसाऱ्याहून गाडी घाट चढताना मागून बँकर इंजिन लावतात आणि इगतपुरीला आल्यावर काढून घेतात. ॲक्टिव्हेट हा तसा बँकर आहे. ज्या टर्मिनलला लावला, तेवढ्यापुरताच. खिडकी बंद केली की सुटला. नवीन खिडकी, आयकॉन, क्रॉन यांना तो लागलेला नसतो. त्यामुळे रोजच्या कामासाठी त्याच्यावर विसंबू नका. आयकॉनमध्ये आणि क्रॉनमध्ये पायरी ४ सारखा पूर्ण पत्ता लिहा, फक्त ‘~’ च्या जागी होम फोल्डरचं पूर्ण नाव द्या. पत्ता पूर्ण असला की ॲक्टिव्हेट करायची गरजच नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. ‘एपीटी’ने सिस्टीममध्ये घातलेलं पॅकेज या नव्या गोदामातून दिसत नाही. तसं मुद्दामच ठेवलेलं आहे. जे लागेल ते या गोदामात वेगळं घालायचं.

पायरी ५. मालाची यादी काढून ठेवा :
~/दुकान/व्हेन्व/बिन/पायथन -एम पिप फ्रीझ > ~/दुकान/रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

ही छोटीशी टेक्स्ट फाइल म्हणजे तुमचा विमा. संगणक बदलला, अपग्रेड केलं, काही बिघडलं, तर व्हेन्वचा फोल्डर काढून टाका, नवा बनवा आणि ‘पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ करा. पाच-दहा मिनिटांत दुकान पुन्हा उभं. मात्र प्रोग्रामच्या फाइली आणि बिलांचा डेटा व्हेन्वच्या फोल्डरच्या आत ठेवू नका, म्हणजे तो बिनधास्त काढता येतो.

पायरी ६. ही खास आपल्या घाटमाथ्यासाठी. पावसात नेट गेलं की पिप कुठून आणणार? म्हणून नेट चालू असतानाच सगळी पॅकेजेस पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. ‘पिप डाउनलोड -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी -डी’ आणि पुढे फोल्डरचं नाव. गरज पडेल तेव्हा ‘पिप इन्स्टॉल’ला ‘--नो-इंडेक्स’ आणि ‘--फाइंड-लिंक्स’ लावून त्याच फोल्डरमधून घाला. पायथनचं व्हर्जन तेच असलं पाहिजे, एवढी अट.

जे करू नये

पायथनपाथ कायमचा लिहून ठेवू नका. तो त्या संगणकावरच्या प्रत्येक पायथनला लागू होतो आणि पायथनच्या स्वतःच्या सामानाच्याही आधी येतो. आज एका प्रोग्रामची सोय होते, सहा महिन्यांनी दुसरा का बिघडला ते कोणाला आठवत नाही.

प्रत्येक फाइलच्या वर ‘सिस.पाथ.अपेंड’ लिहीत सुटू नका. तपासताना एकदा चालेल. कायमचं ठेवलं तर फोल्डर हलवल्या दिवशी सगळं पडतं.

‘सुडो पिप’ नको. /यूएसआर/बिन मधला पायथन३ काढणं किंवा त्याची लिंक दुसरीकडे वळवणं तर अजिबात नको, संगणकाचीच हत्यारं त्यावर आहेत.

आणि एरर आली की चार वेगवेगळ्या प्रकारे पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करणं थांबवा. त्याने चार ठिकाणी चार व्हर्जनं पडतात आणि पुढच्या वेळी शोधणं चौपट अवघड होतं.

काउंटरवर चिकटवायची चिठ्ठी

१. एररची शेवटची ओळ वाचली का?
२. कोणता पायथन? सिस.एक्झिक्युटेबल.
३. कुठे बघतो? पायथन३ -एम साइट.
४. सामान कुठे आहे? पिप शो, लोकेशन. उचललेला डबा कोणता? __फाइल__.
५. माझ्याच फाइलचं नाव आडवं येतंय का?
६. मागवायचं नाव आणि इम्पोर्टचं नाव वेगळं आहे का?
७. हल्ली अपग्रेड झालंय का?
८. आयकॉन आणि क्रॉनमध्ये पूर्ण पत्ता आहे का?
९. काहीच जमत नसेल : व्हेन्व काढा, नवा बनवा, यादीतून भरा.

ज्यांना पायथन आणि लिनक्स मुळापासून शिकायचंय, त्यांनी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे व्हिडिओ जरूर बघा. ते मोफत आहेत आणि त्यातले अनेक विषय मराठीतही ऐकायला मिळतात. त्याच आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या वापरासाठी काम करतो.

शेवटी धंद्याचं बोलते. संगणकाचा माणूस बोलवायचाच नाही, असं मी म्हणत नाही. पण त्याला ‘प्रोग्राम चालत नाहीये’ एवढंच सांगणं आणि ‘क्रॉनमधून सिस्टीमचा पायथन चालतोय, सामान व्हेन्वमध्ये आहे’ असं सांगणं यात फरक आहे. दुसरं वाक्य सांगणाऱ्याचं काम फोनवर होतं. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात आणि ‘याला काही कळत नाही’ म्हणून कोणी नको तो नवा संगणक तुमच्या गळ्यात मारू शकत नाही.

आजचं काम एवढंच : दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आधी पाच मिनिटं काढा, पहिल्या दोन कमांड चालवा आणि आलेलं उत्तर वहीत लिहून ठेवा. बिघाड झाल्यावर नव्हे, सगळं सुरळीत चालू असताना. चांगल्या दिवसाची नोंद जवळ असली की वाईट दिवशी काय बदललं ते लगेच दिसतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा जोरात चालू द्या!